कार्बन-विनिमय मापन, परिसंस्थांतील दीर्घकालीन

एखाद्या प्रदेशातील सजीव समूह आणि त्यांचा निर्जीव परिसर मिळून परिसंस्था बनते. परिसंस्था व वातावरण यांच्यामध्ये कार्बनाची, मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने, जी अखंड देवाणघेवाण चालते तिला कार्बन-विनिमय म्हणतात. वन, गवताळ प्रदेश, शेतजमीन, दलदल यांसारख्या ठिकाणी मनोऱ्यावर उपकरणे बसवून हा विनिमय दर अर्ध्या तासाला, दिवसरात्र व वर्षानुवर्षे मोजला जातो. अशी निरीक्षणे सलग १०-१५ वर्षांहून अधिक काळ झालेली असल्यास त्यांना दीर्घकालीन म्हणण्याचा प्रघात आहे. मानवाने वातावरणात सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी सु. ३० टक्के भाग जमिनीवरील परिसंस्था शोषून घेतात. हे शोषण कोठे व कशामुळे होते, आणि मुख्य म्हणजे ते पुढेही चालू राहील काय, या प्रश्नांची प्रत्यक्ष मोजमापाधारे उत्तरे देणारी साधने फार थोडी आहेत. प्रस्तुत मापन हे त्यांपैकी एक होय.

प्रकाशात हिरव्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषतात [→ प्रकाशसंश्लेषण]. याउलट पाने, खोडे व मुळे यांचे श्वसन आणि मृदेतील सूक्ष्मजंतू व कवके यांच्याकडून होणारे पालापाचोळ्याचे अपघटन यांमुळे तो वायू दिवसा व रात्रीही बाहेर पडत असतो. पहिल्या प्रक्रियेच्या एकूण मानास सकल प्राथमिक उत्पादन, दुसरीच्या मानास परिसंस्था-श्वसन आणि दोहोंच्या वजाबाकीस निव्वळ परिसंस्था-विनिमय असे म्हणतात. मनोऱ्यावर मोजली जाते ती ही वजाबाकी. जमिनीवरील सर्व वनस्पतींचे सकल उत्पादन वर्षाला सु. १२० अब्ज टन कार्बनाइतके आहे, तर खनिज इंधने जाळल्याने वर्षाला सु. १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. म्हणजे शोषण व श्वसन यांच्या समतोलात केवळ दोन टक्क्यांचा फरक पडला, तरी तो इंधनांतून होणाऱ्या उत्सर्जनाच्या जवळजवळ एक चतुर्थांशाइतका भरतो. दोन मोठ्या संख्यांमधील लहान फरक अचूक काढणे हे कोणत्याही शास्त्रात अवघड असते. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

वाचकाचा गोंधळ उडू नये म्हणून दोन गोष्टी येथेच सांगितल्या पाहिजेत. वातावरणवैज्ञानिक हवेच्या बाजूने हिशोब मांडतात, म्हणून त्यांच्या लेखी वनाने शोषलेला कार्बन ऋण असतो, तर परिस्थितिवैज्ञानिक तोच धन मानतात. दुसरे असे की, शास्त्रीय लेखनात बहुधा कार्बनाचे वजन दिलेले असते व धोरणविषयक कागदपत्रांत कार्बन डाय-ऑक्साइडाचे. एक टन कार्बन म्हणजे ३·६७ टन कार्बन डाय-ऑक्साइड. या दोन एककांची गल्लत झाल्याने एखाद्या वनाची उपयुक्तता जवळजवळ चौपट फुगवून सांगितली गेल्याची उदाहरणे लोकप्रिय लेखनात विरळ नाहीत. या लेखात, अन्यथा उल्लेख नसल्यास, आकडे कार्बनाचे आहेत.

पद्धती : वाऱ्याचा प्रवाह वरकरणी आडवा दिसला, तरी त्यात लहानमोठे असंख्य भोवरे असतात. त्यांच्यामुळे हवेची कणिका क्षणात वर तर क्षणात खाली जाते. भर दुपारी वनाच्या माथ्याखालून वर येणाऱ्या हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पानांनी शोषून घेतलेला असल्याने ती हवा त्या वायूच्या बाबतीत किंचित क्षीण असते, तर वरून खाली येणारी हवा किंचित समृद्ध असते. रात्री याच्या उलट घडते. वाऱ्याच्या ऊर्ध्व वेगातील चढउतार व त्याच क्षणी कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणात होणारे चढउतार यांचा गुणाकार करून अर्ध्या तासाची सरासरी काढली, तर वायूचा निव्वळ प्रवाह मिळतो. या पद्धतीस भोवरा-सहप्रचरण पद्धती म्हणतात. ऊर्ध्व वेग श्राव्यातीत ध्वनितरंगांवर चालणाऱ्या वायुवेगमापकाने, तर वायूचे प्रमाण अवरक्त प्रारणाच्या शोषणावर आधारलेल्या विश्लेषकाने मोजतात. दोन्ही उपकरणे दर सेकंदास १० ते २० वाचने घेतात. झाड तोडावे लागत नाही, मातीही उकरावी लागत नाही आणि वाऱ्याच्या दिशेला पसरलेल्या काही शेकडो मीटरांपासून सु. एक किमी. पर्यंतच्या क्षेत्राचा एकत्रित हिशोब मिळतो, हे या पद्धतीचे मोठे गुण होत.

तिचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. भूमी सपाट व वनस्पतींचे आच्छादन सारखे असावे आणि हवा पुरेशी संक्षुब्ध असावी, ही गृहीते डोंगराळ भागात व शांत रात्री टिकत नाहीत. वारा पडलेल्या रात्री श्वसनाने बाहेर पडलेला वायू झाडांखालीच साचतो किंवा थंड, जड हवेबरोबर उतारावरून घळीकडे वाहून जातो आणि उपकरणांपर्यंत पोहोचतच नाही. मग खर्चाची नोंद कमी व जमेची पूर्ण, असा हिशोब होतो. यावर उपाय म्हणून अशा रात्रींची निरीक्षणे बाजूला ठेवून, संक्षुब्ध रात्रींतील श्वसन व मृदेचे तापमान यांच्या संबंधावरून रिकाम्या जागा भरतात. शिवाय हवा तापली वा तिच्यात बाष्प मिसळले की तिची घनता बदलते आणि वायूचा प्रवाह नसतानाही तो असल्याचा भास होतो. ही त्रुटी दुरुस्त करण्याचे सूत्र ई. के. वेब, जी. आय. पीअरमन व आर. ल्यूनिंग यांनी १९८० मध्ये दिले. त्यापूर्वीची कित्येक निरीक्षणे यामुळे पुन्हा तपासावी लागली. ऊर्जेच्या हिशोबातही मनोऱ्यावर मोजलेल्या उष्णता व बाष्प यांच्या प्रवाहांची बेरीज उपलब्ध ऊर्जेपेक्षा सर्वसाधारणपणे १० ते ३० टक्के कमी भरते. तिचे पूर्ण समाधानकारक स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही.

इतिहास : संक्षुब्ध प्रवाहाच्या सरासरीचे गणित ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८९५ मध्ये मांडले. त्यावर आधारून उष्णता व बाष्प यांचे ऊर्ध्व वहन मोजण्याची रीत डब्ल्यू. सी. स्विनबँक यांनी १९५१ मध्ये वर्णिली. तथापि कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण तितक्याच जलद मोजू शकणारी व महिनोन्‌महिने न बिघडता चालणारी उपकरणे १९८० नंतरच उपलब्ध झाली. तोपर्यंत पिकांच्या एखाद्या हंगामापुरतीच मापने होत असत. दरम्यान चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाची सलग नोंद सुरू केली होती. त्या वेळी दर दशलक्ष भागांत सु. ३१५ भाग असलेले हे प्रमाण २०२४ मध्ये ४२० च्या वर गेलेले होते. कीलिंग यांच्या आलेखातील वार्षिक चढउतार म्हणजे उत्तर गोलार्धातील वनस्पतींचे जणू श्वासोच्छ्वासच होत. परंतु तो आलेख सगळ्या गोलार्धाची बेरीज सांगतो. कोणत्या वनाने किती घेतले हे त्यावरून कळत नाही. ती उणीव मनोऱ्यांनी भरून काढली. १९९५ मध्ये इटलीतील ला तुइल येथे या विषयातील शास्त्रज्ञांची बैठक झाली. त्यानंतर यूरोपात ‘यूरोफ्लक्स’ व अमेरिकेत ‘अमेरिफ्लक्स’ (दोन्ही १९९६) आणि आशियात ‘एशियाफ्लक्स’ (१९९९) ही जाळी उभी राहिली. त्या सर्वांना जोडणारे ‘फ्लक्सनेट’ हे जागतिक जाळे १९९७ पासून कार्य करू लागले. २०२० मध्ये त्याच्या वतीने प्रसिद्ध झालेल्या संकलनात २१२ ठिकाणांची मिळून १,५०० हून अधिक वर्षांची निरीक्षणे एकाच पद्धतीने संस्कारित करून सर्वांस खुली करण्यात आली आहेत.

हार्व्हर्ड वनातील निरीक्षणे : दीर्घ नोंदीचे महत्त्व कळण्यास अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील पीटर्शम येथील हार्व्हर्ड वनाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. हे अस्पर्श अरण्य नव्हे. एकोणिसाव्या शतकात येथील बहुतेक जमीन शेती व कुरणे यांखाली होती. शेतकरी अन्यत्र गेल्यावर तीवर पुन्हा झाडे वाढली आणि १९३८ च्या चक्री वादळात त्यांपैकी पुष्कळशी उन्मळून पडली. सध्याच्या वनात तांबडा ओक व तांबडा मॅपल हे पानझडी वृक्ष प्रमुख असून हेमलॉकसारखे सूचिपर्णी वृक्षही आहेत. तेथील सु. ३० मी. उंचीच्या मनोऱ्यावर एस्. सी. वॉफ्सी व त्यांचे सहकारी यांनी एप्रिल १९९० पासून सलग मापन सुरू केले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षानुसार हे वन दर हेक्टरी वर्षाला ११·१ टन कार्बन शोषत होते व ७·४ टन परत सोडत होते. निव्वळ जमा ३·७ टन होती. जागतिक हिशोबात समशीतोष्ण वनांसाठी तोवर गृहीत धरलेल्या आकड्यांपेक्षा ती बरीच जास्त होती.

हा आकडा तेवढाच धरून बसले असते, तर मोठी चूक झाली असती. १९९१ ते १९९५ या वर्षांच्या निरीक्षणांत निव्वळ जमा १·४ ते २·८ टनांच्या दरम्यान आढळली, म्हणजे एका वर्षाची जमा दुसऱ्या वर्षाच्या दुप्पट. आणि या वर्षांत असाधारण असे काही घडलेले नव्हते. वसंतात पालवी काही दिवस आधी फुटणे, उन्हाळ्यात ढगाळ दिवस अधिक असणे, एखादे मध्यम तीव्रतेचे अवर्षण एवढ्या कारणांनी जमेत फरक पडत होता. सर्वांत अनपेक्षित कारण हिवाळ्याचे निघाले. बर्फाचा थर जाड असेल, तर तो गोधडीप्रमाणे जमिनीची ऊब राखतो आणि मृदेतील सूक्ष्मजंतू थंडीतही कार्यरत राहून कार्बन सोडत राहतात. बर्फ कमी पडल्यास जमीन गोठते व श्वसन मंदावते. पाने नसलेल्या वनाचा हिशोबही महत्त्वाचा असतो, हे अशा रीतीने प्रथमच मोजमापाने दिसून आले.

आठ वर्षांची निरीक्षणे जमल्यावर सरासरी निव्वळ जमा दर हेक्टरी वर्षाला सु. २ टन निघाली. त्याच काळात वनातील झाडांचे घेर, पडलेली लाकडे व पालापाचोळा यांच्या मोजणीवरून स्वतंत्रपणे काढलेला आकडा १·६ टन होता. दोन सर्वस्वी भिन्न मार्गांनी काढलेली उत्तरे त्रुटींच्या मर्यादेत एकमेकांशी जुळली. मनोऱ्यावरील मापनावर विश्वास बसण्यास हा मेळ पुष्कळ अंशी कारणीभूत झाला. असा मेळ एका वर्षाच्या मापनातून घालता येत नाही, कारण एका वर्षात झाडाच्या घेरात पडणारा फरक मोजणीतील चुकीपेक्षा फारसा मोठा नसतो.

यापुढील निष्कर्षाने तर पाठ्यपुस्तकातील एक समजूत डळमळीत झाली. वन वयस्क होत गेले की त्याची निव्वळ जमा घटत जाते, असे मानले जात असे. १९९२ ते २००४ या काळात हार्व्हर्ड वनाची वार्षिक जमा १·० ते ४·७ टनांच्या दरम्यान बदलत राहिली. तथापि एकंदर कल वाढीचा होता आणि तो ७५ ते ११० वर्षे वयाच्या वनात होता. तांबड्या ओकाचे वाढते प्राबल्य हे त्याचे एक कारण होय. लांबलेला वाढीचा हंगाम व हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे वाढलेले प्रमाण यांचाही त्यात वाटा असल्याचे दिसते. मात्र प्रत्येकाचा वाटा नेमका किती, याविषयी तज्ञांत एकवाक्यता नाही. पहिल्या दोन वर्षांचा, पहिल्या पाच वर्षांचा आणि तेरा वर्षांचा असे तीन वेगवेगळे निष्कर्ष काढले, तर ते एकाच वनाविषयी आहेत हे ओळखणेही कठीण जावे.

अन्य वैज्ञानिक उपयोग : २००३ च्या उन्हाळ्यात यूरोपात भीषण उष्णतेची लाट व अवर्षण आले. त्या वेळी तेथील मनोरे आधीपासून चालू होते, त्यामुळे नेहमीच्या वर्षांशी तुलना करता आली. खंडाच्या सकल उत्पादनात सु. ३० टक्के घट झाली आणि एरवी कार्बन शोषणारी यूरोपातील भूमी त्या वर्षी सु. ५० कोटी टन कार्बन हवेत सोडणारी ठरली. मागील चार वर्षांत साठविलेला कार्बन एका वर्षात गेला. उष्णतेमुळे श्वसन वाढून हे घडले असेल, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोरड्या मातीत श्वसनही घटलेले आढळले. प्रकाशसंश्लेषण त्याहून अधिक घटले म्हणून तोटा झाला. हा तपशील उपग्रहाच्या चित्रावरून वा हवेच्या नमुन्यावरून कळण्यासारखा नव्हता.

जुन्या वनांविषयी एस्. लुसेर्ट व इतरांनी २००८ मध्ये अनेक ठिकाणची निरीक्षणे एकत्र करून असे प्रतिपादन केले की, शेकडो वर्षे वयाची वनेही बहुधा कार्बन साठवीत राहतात. या निष्कर्षातील आकडे वाजवीपेक्षा जास्त असल्याचा आक्षेप २०२१ मध्ये घेण्यात आला. जुने वन तोडून नवे लावावे की जुने राखावे, हा व्यवहारातील प्रश्न या वादाशी निगडित असल्याने तो केवळ शास्त्रीय राहिलेला नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील अनुभव सावधगिरी शिकविणारा आहे. ब्राझीलमधील मानाउसजवळच्या वनात १९९५-९६ मध्ये वर्षभर घेतलेल्या मापनावरून दर हेक्टरी ५·९ टन इतकी प्रचंड निव्वळ जमा निघाली. वृक्षांच्या मोजणीशी तिचा मेळ बसेना. टेकड्या व घळी असलेल्या त्या भूमीवर शांत रात्री थंड हवा कार्बन डाय-ऑक्साइडासह खाली वाहून जाते व खर्चाची बाजू मोजलीच जात नाही, हे पुढे ध्यानात आले. सांतारेंजवळील तापाझोस वनातील मापनांत (२००३ मध्ये प्रसिद्ध) ही दुरुस्ती केल्यावर चित्र अगदी निराळे निघाले. गणितीय प्रतिकृतींनुसार पावसाळ्यात जमा व कोरड्या ऋतूत तूट अपेक्षित होती. मोजमापात त्याच्या उलट दिसले. खोल मुळांना कोरड्या ऋतूतही पाणी मिळत होते व निरभ्र आकाशामुळे प्रकाश भरपूर होता. उलट पावसाळ्यात पूर्वी पडलेल्या झाडांची लाकडे कुजून कार्बन बाहेर पडत होता.

कृत्रिम उपग्रहांना कार्बनाचा प्रवाह थेट दिसत नाही. त्यांना पानांचा हिरवेपणा, पृष्ठभागाचे तापमान किंवा हरितद्रव्याचे क्षीण अनुस्फुरण दिसते. या खुणांचे उत्पादनाच्या आकड्यांत रूपांतर करण्यासाठी जमिनीवरील मनोऱ्यांचीच मोजमापे मानक म्हणून वापरावी लागतात. ‘टेरा’ या उपग्रहाच्या निरीक्षणांवरून काढल्या जाणाऱ्या जागतिक उत्पादनाच्या नकाशांची तपासणी अशीच केली जाते. जलवायुमानाचे भाकीत करणाऱ्या प्रतिकृतींतील वनस्पतींविषयीची समीकरणेही या निरीक्षणांवर पारखली जातात. एकाच वेळी बाष्पाचाही प्रवाह मोजला जात असल्याने, वनस्पती एक एकक कार्बनासाठी किती पाणी खर्चतात हेही कळते. उत्तर गोलार्धातील अनेक वनांत हा खर्च दोन दशकांत प्रतिकृतींच्या अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने कमी झाल्याचे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. पाणलोट क्षेत्रांच्या नियोजनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

धोरणातील उपयोग : १९९७ च्या क्योटो करारान्वये औद्योगिक राष्ट्रांना १९९० नंतर केलेल्या वनरोपणामुळे शोषला गेलेला कार्बन आपल्या उत्सर्जनातून वजा दाखविता येऊ लागला. २०१५ च्या पॅरिस करारात या शतकाच्या उत्तरार्धात उत्सर्जन व शोषण यांचा समतोल साधण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. अशा रीतीने झाडांनी शोषलेल्या कार्बनास राजकीय व आर्थिक मूल्य आले आणि तो खरोखर शोषला गेला काय, हा प्रश्न तातडीचा झाला.

राष्ट्रे आपले हिशोब मुख्यतः वनांच्या पाहणीवर, म्हणजे लाकडाच्या साठ्यात पडलेल्या फरकावर आधारतात. मनोऱ्यांची निरीक्षणे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. काही शे मनोऱ्यांवरून देशोदेशींच्या वनांची बेरीज करता येणार नाही, हे उघड आहे. त्यांचे काम लेखापरीक्षकाचे आहे. साठ्याच्या मोजणीत मृदेतील कार्बन बहुधा अंदाजाने धरलेला असतो, तर मनोऱ्यावरील मापनात तो आपोआप येतो. शिवाय वाढ कोणत्या कारणाने झाली हे साठ्यावरून समजत नाही. राष्ट्रीय हिशोबांत व्यवस्थापित वनातील सर्वच शोषण मानवी प्रयत्नांच्या खाती जमा होते. जागतिक वैज्ञानिक हिशोबात मात्र हवेतील वाढलेला कार्बन डाय-ऑक्साइड व लांबलेला हंगाम यांमुळे झालेले शोषण नैसर्गिक समजतात. या व्याख्याभेदामुळे दोन हिशोबांत वर्षाला सु. ४ अब्ज टन कार्बन डाय-ऑक्साइडाचे अंतर पडत असल्याचे २०१८ मध्ये दाखविण्यात आले. आयते मिळालेले शोषण प्रयत्नाचे फळ म्हणून मांडले, तर इंधनांतील कपात तेवढ्याने पुढे ढकलली जाते, आणि एखाद्या अवर्षणाने ते शोषण थांबले की दोन्हीकडून तोटा होतो.

मनोऱ्याच्या हिशोबालाही एक मर्यादा आहे व धोरणकर्त्यांनी ती विसरता कामा नये. हवेवाटे होणारी देवघेवच तो मोजतो. तोडून नेलेले लाकूड, कापून नेलेले धान्य, नदीवाटे वाहून गेलेला कार्बन त्याला दिसत नाही. नेब्रॅस्का राज्यातील मीड येथे २००१ पासून मका व सोयाबीन यांच्या शेतांवर मापन चालू आहे. उभे पीक मोठ्या प्रमाणावर कार्बन शोषते. परंतु पहिल्या काही वर्षांच्या हिशोबातून धान्याबरोबर शेताबाहेर गेलेला कार्बन वजा केल्यावर सिंचित मक्याचे शेत जेमतेम समतोल किंवा किंचित तुटीत असल्याचे आढळले. शेतीतील कार्बनासाठी मोबदला देण्याच्या ज्या योजना ठिकठिकाणी पुढे येत आहेत, त्यांनी हे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे.

मापनाचा धोरणास सरळ उपयोग झाल्याचे उत्तम उदाहरण पीट जमिनींचे आहे. हजारो वर्षे पाण्याखाली साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या या जमिनी शेतीसाठी पाणी काढून कोरड्या केल्या की त्यांतील कार्बन हवेच्या संपर्काने झपाट्याने बाहेर पडतो. ब्रिटिश बेटांतील मनोऱ्यांच्या निरीक्षणांवरून २०२१ मध्ये असे दाखविण्यात आले की, भूजलाची पातळी पृष्ठभागाच्या दिशेने दर १० सेंमी. ने वर आणल्यास हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डाय-ऑक्साइडाइतके उत्सर्जन टळते. पातळी पृष्ठभागापासून ३० सेंमी. च्या आत येईपर्यंत हा नियम लागू पडतो. त्यापुढे मिथेनाचे उत्सर्जन वाढू लागते, म्हणून तोही हिशोबात घ्यावा लागतो. याचा अर्थ असा की, शेती सर्वस्वी न सोडता, केवळ चरांतील पाणी वर राखूनही पुष्कळ लाभ होतो. शेतकऱ्याच्या व शासनाच्या दृष्टीने ‘शेती की दलदल’ हा प्रश्न ‘पाणी किती खोल’ या वाटाघाटीच्या प्रश्नात बदलला, हे या संशोधनाचे खरे फलित होय.

निरीक्षणे अखंड राहण्यासाठी यूरोपीय राष्ट्रांनी एकत्रित कार्बन निरीक्षण व्यवस्था (आयकॉस) स्थापन केली असून तिला २०१५ मध्ये कायदेशीर दर्जा मिळाला. तिचे मुख्यालय हेलसिंकी येथे आहे. संशोधकाच्या तीन वा पाच वर्षांच्या अनुदानावर दीर्घ नोंद टिकत नाही, या अनुभवातून ही व्यवस्था जन्मली.

भारतातील मापने : भारताने २०१५ मध्ये पॅरिस करारासंबंधी दिलेल्या वचनानुसार २०३० पर्यंत अतिरिक्त वने व वृक्ष यांच्याद्वारे २·५ ते ३ अब्ज टन कार्बन डाय-ऑक्साइडाइतके अधिक शोषण साधावयाचे आहे. त्याचा हिशोब भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था प्रत्यक्ष पाहणी व उपग्रहचित्रे यांवरून ठेवते. मनोऱ्यांवरील मापन त्यामानाने नवे आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय कार्बन प्रकल्पाखाली मध्य प्रदेशातील बैतूल, उत्तराखंडातील बारकोट व हल्द्वानी आणि पश्चिम बंगालमधील सुंदरबन येथे मनोरे उभारण्यात आले. पुणे येथील भारतीय उष्णप्रदेशीय वातावरणविज्ञान संस्थेने ‘मेटफ्लक्स इंडिया’ या उपक्रमात आसामातील काझीरंगा, तमिळनाडूतील पिचावरम येथील कच्छवने इ. ठिकाणी मापने सुरू केली.

या निरीक्षणांमुळे समशीतोष्ण प्रदेशातील नियम येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे स्पष्ट झाले. हार्व्हर्ड वनाची पाने थंडीमुळे गळतात, तर विदर्भाला लागून असलेल्या बैतूलच्या सागवनाची पाण्याच्या टंचाईमुळे. त्यामुळे तेथील वर्षाचा हिशोब बर्फावर नव्हे, तर मोसमी पावसाच्या आगमनावर अवलंबून असतो. काझीरंग्यात पाणी मुबलक असते. तेथे निव्वळ शोषण सर्वांत जास्त होते ते भर पावसाळ्यात नव्हे, तर त्याआधी मार्च ते मे या महिन्यांत. पावसाळ्यातील दाट ढगांमुळे प्रकाश कमी पडून प्रकाशसंश्लेषण मंदावते. पाऊस चांगला म्हणजे झाडांची वाढ चांगली, ही समजूत शेतकऱ्याच्या अनुभवाला धरून असली, तरी कार्बनाच्या हिशोबात ती सर्वत्र खरी नाही. मोसमी पाऊस वर्षागणिक किती बदलतो हे लक्षात घेता, दोन-तीन वर्षांच्या नोंदीवरून भारतीय वनांची सरासरी जमा सांगणे हार्व्हर्ड वनाच्या पहिल्या आकड्यापेक्षाही अधिक धाडसाचे होईल.

सलग नोंद राखणे हे काम वरकरणी कंटाळवाणे आहे. विश्लेषकाचे वारंवार अंशन करावे लागते. जुने उपकरण काढताना नवे काही काळ त्याच्या शेजारी चालवून दोहोंतील फरक नोंदवावा लागतो, अन्यथा उपकरणातील बदल वनातील बदल म्हणून नोंदला जातो. वीज पडणे, पावसाचे पाणी शिरणे, वीजपुरवठा तुटणे यांमुळे दरवर्षी निरीक्षणांत लहानमोठ्या फटी पडतातच व त्या इतर दिवसांच्या संबंधांवरून गणिताने भरता येतात. संपूर्ण हंगाम गेला, तर तसे करण्यात अर्थ नसतो, कारण भरलेला आकडा त्या हंगामाविषयी नवीन काहीच सांगत नाही. १९६४ च्या वसंतात पैशाअभावी मौना लोआ येथील नोंद काही आठवडे बंद पडली होती. कीलिंग यांच्या आलेखातील तेवढी जागा आजही रिकामीच आहे.